नळाचं पहिलं पाणी

प्रयोगशाळेत रुजू झालो त्या दिवशी तिथल्या प्रमुख मॅडमनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मार्क तर नाहीच. "हात दाखव," म्हणाल्या. मला वाटलं, बाईंना ज्योतिषाचा नाद दिसतोय. मी तळवा पुढे केला, तर त्यांनी वाकून चक्क त्याचा वास घेतला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"संत्रं खाल्लं?"

खाल्लं होतं. येताना बसस्टॉपवर उभ्या उभ्या सोलून खाल्लं होतं.

"संत्र्याचा वास धुतला का जाते. खर्र्याचा आला तर घरी पाठवीन. जा, साबणानं धू आन ये."

खर्रा म्हणजे प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेली सुपारी आणि तंबाखू. नागपुरात निम्मी माणसं ती तोंडात धरूनच बोलतात. आमच्या प्रयोगशाळेत मात्र एकाचीही हिंमत नव्हती. शहरभरच्या नळांचं पाणी तपासायचं आमचं काम, आणि तिथे पोस्टाने आलेलं पाकीटसुद्धा मॅडम आधी हुंगून घेतात अशी त्यांची ख्याती होती. मी पाकीट हुंगताना पाहिलं नाही. पण पाहिलं असतं तर नवल वाटलं नसतं.

बुटक्या, सुती साडीतल्या, पायात कापडी बूट. हातात कायम एक स्टीलचा डबा. त्यात स्पिरिटचा दिवा, कापूस आणि काडेपेटी. नमुना घ्यायच्या आधी नळाचं तोंड दिव्यावर शेकायचं असतं, म्हणजे त्यावर बसलेले जंतू मरतात. अडचण एवढीच, की जेवणाचा डबाही त्यांनी त्याच दुकानातून, त्याच मापाचा घेतलेला. एकदा एका बड्या असामीच्या बंगल्यावर बागेतल्या नळापाशी सगळे हात बांधून उभे असताना मॅडमनी डबा उघडला आणि आत वांग्याची भाजी निघाली. दुसरा कोणी ओशाळला असता. यांनी झाकण लावलं, मला दिवा आणायला परत पिटाळलं आणि मी येईपर्यंत बंगल्यातल्या एकाही नळाला कोणाला हात लावू दिला नाही. बंगल्याचे मालक आंघोळीचे थांबले होते म्हणे.

पण त्यांची खरी तऱ्हा त्यानंतर सुरू व्हायची. नळ शेकून झाला की तो सोडायचा आणि पाणी वाहू द्यायचं. नळीत साचून राहिलेलं पाणी निघून जायला हवं आणि रस्त्याखालच्या मोठ्या नळातलं ताजं पाणी यायला हवं, तोवर बाटली धरायची नाही. किती वेळ वाहू द्यायचं, हे बाकीच्या जगात घड्याळ बघून ठरवतात. मॅडम घड्याळ बघत नसत. डोळे मिटून, हात जोडून, संथपणे त्रिशरण आणि पंचशील म्हणत. ते पूर्ण झालं की डोळे उघडायचे आणि बाटली लावायची.

"घड्याळ पाहता पाहता माणूस घाई करते," त्या सांगत. "म्हणाले घेतलेलं मधातच सोडता येत नाई. तू तुयं काय ते म्हण. पण पूर्ण म्हण."

मी रामटेककडचा. देवाधर्माचं मला फारसं काही पाठ नव्हतं, म्हणून मी एकोणतीसचा पाढा घेतला. तो मला नीट येत नसल्यामुळे माझे नमुने सगळ्यांत शुद्ध असत, असं मॅडमच म्हणत. आमचा ड्रायव्हर नागपूरहून निघून रामटेकपर्यंतची सगळी स्टेशनं म्हणे आणि परतही येई. लोकांच्या अंगणात आम्ही असे डोळे मिटून पुटपुटत उभे राहिलो की घरातली मंडळी दबकून बोलत. एका आजीबाईंनी तर आमच्या पुढ्यात उदबत्ती आणून लावली होती. मॅडमनी ती विझवली, धुराने नमुना बिघडतो म्हणून, आणि आजीबाईंची माफीही मागितली.

आणि खाली बादली. वाहणारं पाणी गटारात गेलेलं त्यांना बघवत नसे. नळाखाली बादली लावल्याशिवाय त्या नळ उघडू देत नसत आणि भरली की ती स्वतः उचलून घरमालकाच्या झाडांना घालत. एकदा काचेची भांडी विसळता विसळता, उद्याच्या कामाबद्दल सांगावं त्या सुरात त्यांनी सांगितलं होतं, की त्यांच्या आजीला गावात विहिरीवर चढू देत नसत. ती खाली ओंजळ धरून उभी राहायची, कोणाला दया आली तर वरून ओतायचं. छप्पन साली आजी नागपूरला आली, दीक्षा घेतली आणि परत गावाला गेलीच नाही. "इथं नळ होता," मॅडम म्हणाल्या. "नळाले विचारा नाई लागत." मग त्यांनी पुढची बाटली विसळायला घेतली. मी विसळलेल्या बाटल्या पालथ्या घालत राहिलो.

अशोक विजयादशमीच्या आधी दीक्षाभूमीसाठी शहरात लाखो माणसं येतात आणि त्यांच्यासाठी रस्त्यारस्त्यावर तात्पुरते नळ उभे राहतात. त्या आठवड्यात मॅडम एकेका नळावर दोनदा जात. नळ बसवणाऱ्या कंत्राटदाराचा माणूस एकदा लाडीगोडीने म्हणाला, "मॅडम, तुमच्याच लोकायचे नळ आहेत ना, मग इतकं कायले पाहता?" मॅडम त्याला म्हणाल्या, "नळाले लोक नसते गा. नमुना असते." आणि त्याचे हात हुंगून त्याला नळापासून लांब उभं केलं.

अशी ही बाई. नियम म्हणजे नियम, मग नळ मंत्र्याचा असो की झोपडीतला. त्यांच्या सहीचा अहवाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळं खातं मानायचं. म्हणूनच पुढे जे घडलं त्याने मी मुळापासून हादरलो. आज लिहितानाही ते नीट पचलेलं नाही.

पिण्याच्या पाण्याचे निकष आणखी कडक होणार, असं वरून कळलं आणि शहरासाठी नवा आराखडा करायचं ठरलं. त्याचे प्रमुख होते आमचे मोठे इंजिनियर साहेब. गोड बोलणारा, कोणाचं मन न मोडणारा माणूस. त्यांच्या आराखड्यात दोन भाग होते. पहिला, शुद्धीकरण केंद्रात नवी यंत्रं बसवायची. दुसरा, घरोघरच्या जोडण्या बदलायच्या. कारण नव्या निकषांत सगळ्यांत जास्त धास्ती होती शिशाची. शिसं नदीतून येत नाही. ते येतं घरातल्या हलक्या प्रतीच्या नळ्यांमधून, जोडांमधून, तोट्यांमधून. पाण्याला त्याची ना चव, ना रंग. आणि ते मुरतं लहान मुलांच्या मेंदूत.

हा दुसरा भाग मॅडमनी हाणून पाडला. भर बैठकीत उभ्या राहून. आम्ही प्रत्येक घरी दोन बाटल्या भरत असू, लहान बाटली जंतूंसाठी आणि मोठी धातूंसाठी. वर्षानुवर्षांच्या त्या मोठ्या बाटल्यांत शिसं कधी सापडलं नव्हतं. "जो रोगच नाई त्याचं औषध काहून द्याचं?" मॅडम म्हणाल्या. "तो पैसा जिथं अजून टँकर जाते तिथं नळ द्याले वापरा." कोणाला यात खोट काढता आली नाही. साहेबांनी तो भाग वगळला. मॅडमनी आम्हा सगळ्यांना कोपऱ्यावर नेऊन तर्रीपोहे खाऊ घातले, आणि आम्ही जग जिंकल्यासारखे खाल्ले.

आराखड्याच्या शेवटच्या बैठकीच्या दिवशी मॅडमची गाडी बिघडली होती. मी तेव्हा शहराच्या टोकाला, वाडीला खोली घेऊन राहत होतो. तिथून सकाळीच स्कूटरने निघून त्यांना घ्यायला सक्करदऱ्याला गेलो. त्यांच्या घरात लहान मूल होतं. मुलगी बाळंतपणाला आलेली, तिला दूध पुरत नव्हतं म्हणून बाळाला वरचं दूध चालू होतं. मुलगी बाळाला मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसली होती आणि मॅडम दुधासाठी पाणी भरत होत्या.

भरत कशा होत्या, तर पातेल्याचा काठ तोटीला टेकवून मग त्यांनी नळ उघडला. रात्रभरात त्या नळाला कोणी हात लावला नव्हता. एक थेंब बाहेर सांडला नाही. "घरातलं पहिलं पाणी लहान्याचं," त्या मला कौतुकाने म्हणाल्या. "माही आजी असंच करे. सगळ्यायच्या आधी लेकराचं भांडं भरे. आता हे उकळवते, थंड करते, मंग दूध."

मी सहज गंमत केली. म्हटलं, "मॅडम, नळ वाहू नाही दिला? मी असं केलं असतं तर तुम्ही मले घरी पाठवलं असतं."

मॅडम हसल्या. "तू बी ना. हा काय नमुना हाय का? हे तं प्याचं पाणी हाय."

बोलल्या आणि थांबल्या. पातेलं हातात तसंच. चेहऱ्यावरचं हसू जायचंसुद्धा विसरलं होतं. मला काही क्षण कळलंच नाही. मग कळलं.

आम्ही तपासत होतो ते पाणी कोणी पीत नव्हतं. लोक पीत होते ते आम्ही आधी बादलीत सोडून देत होतो. रात्रभर नळीत राहून जे काही पाण्यात उतरायचं ते पहिल्या भांड्यात उतरायचं, आणि त्या पहिल्या भांड्याला आम्ही पंचशील आणि पाढे म्हणत, डोळे मिटून, वाट करून देत होतो. जंतूंसाठी तो नियम बरोबरच आहे, आजही आहे. पण दोन्ही बाटल्या एकाच फेरीत भरायची आमची रीत पडली होती, आणि धातूंची बाटली वेगळी भरावी हे इतक्या वर्षांत इतक्या शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मॅडमनी गॅस पेटवला नाही; उकळून शिसं जात नाही. पातेल्यातलं पाणी एका धुतलेल्या बाटलीत ओतलं, मुलीला म्हणाल्या, "या नळाचं पोरीले देऊ नको. बाहेरून पाण्याची बाटली आण. मी आल्यावर सांगते," आणि साहेबांना फोन करून तब्येत बरी नाही म्हणून बैठक पुढे ढकलायला लावली. त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. स्कूटरवर मागे बसून त्यांनी ती बाटली दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

शिसं निघालं. नव्या निकषात न बसणारं तर होतंच, जुन्यातही बसत नव्हतं. मॅडमनी यंत्र पुन्हा लावलं, पुन्हा तपासलं. तेच.

"यंत्र बिघडलं का गा?" त्यांनी मला विचारलं. यंत्र ठीक होतं, ते त्यांनाही दिसत होतं. त्यांना कोणीतरी हो म्हणायला हवं होतं. माझ्याच्याने म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना आपापल्या घरचं सकाळचं पहिलं पाणी आणायला लावलं. माझ्या वाडीच्या खोलीतलं ठीक निघालं. तिथली नळी इतकी गंजकी, की पाणी तांबूस यायचं, पण शिसं नव्हतं. काहींच्या घरचं निघालं नाही, काहींच्या निघालं. सगळ्यांत वाईट मॅडमचं. नातवंड येणार म्हणून त्यांनी घरातल्या गंजक्या नळ्या काढून हौसेने पांढऱ्याशुभ्र प्लास्टिकच्या नळ्या आणि चकचकीत तोट्या बसवून घेतल्या होत्या. स्वस्तातलं प्लास्टिक टिकाऊ व्हावं म्हणून त्यात शिसं घालतात. हे त्यांना पुस्तकातून ठाऊक होतं.

पुढच्या बैठकीत त्या उभ्या राहिल्या तेव्हा मी मागच्या खुर्चीवर होतो. त्यांनी सरळ सांगितलं, की धातूंचे माझे सगळे अहवाल मागे घेते. आपण नळाचं पाणी तपासलंच नाही, रस्त्याखालचं तपासलं.

खोलीत कुजबुज झाली. साहेबांनी सगळ्यांना शांत केलं आणि फार मायेने म्हणाले, "मॅडम, टेन्शन कायले घेता? तुम्ही नियमाबाहेर काहीच केलं नाही. नमुना जसा घेत आलात तसाच घेत राहा. अहवाल स्वच्छ, आराखडा मंजूर. लोकांना फार तर सांगू, सकाळी थोडं पाणी सोडून द्या म्हणून."

मी त्या माणसाकडे बघतच राहिलो. त्यांना कळलं नव्हतं असं नाही. नीट कळूनच ते बोलत होते, आणि आजूबाजूच्या माना डोलत होत्या.

"कोणाले सांगता, साहेब?" मॅडम म्हणाल्या. "जिच्या इथं घडीभर पाणी येते, जे नंबर लावून भरते, तिले सांगता का आधी सांडून दे म्हणून?"

साहेबांनी मान हलवली. "पण असे नमुने किती? एखाद्या घरची तोटी खराब असेल. हा सगळ्यांत वाईट कोणाच्या घरचा आहे? तो आपण वगळू."

"माह्या घरचा. त्या पाण्याचं दूध माही नात पेते. मीच भरून देत होती."

मॅडमनी सकाळीच नमुन्याची नवी पद्धत सही करून लागू केली होती. धातूंसाठी पहिलं पाणी घ्यायचं. त्यामुळे जुन्या अहवालांवर आराखडा पुढे सरकणं शक्यच नव्हतं. वगळलेला भाग परत आला. आज शहरात घरोघरच्या जोडण्या बदलताना दिसतात त्या त्यामुळे.

याबद्दल कोणी मॅडमचा सत्कार केला नाही. चौकशी झाली. पेपरात आलं, तेही प्रयोगशाळेची घोडचूक म्हणून. त्यांच्याच गल्लीतली एक बाई माझ्यासमोर त्यांना म्हणाली, "बाई, तुमीच सांगतलं होतं ना वं, पाणी चांगलं हाय म्हणून?" मॅडम म्हणाल्या, "हो. मीच सांगतलं होतं." त्या थोड्याच महिन्यांत निवृत्त झाल्या आणि निरोप समारंभाला आल्याच नाहीत.

कोणी मला म्हणतं, एवढं मोठं धाडस केलं तुमच्या मॅडमनी, तुम्हाला केवढा अभिमान असेल. आहेच. पण मला त्या आठवतात त्या बैठकीतल्या नाहीत.

बाळाच्या रक्ताचा रिपोर्ट घ्यायला आम्ही दवाखान्यात गेलो होतो. रिक्षा मीच आणली होती. मॅडमनी मुलीला सगळं सांगितल्याला तोवर काही दिवस होऊन गेले होते. मुलगी भांडली नव्हती, रडली नव्हती, पण त्या दिवसापासून तिने बाळ आईच्या हातात दिलं नव्हतं. रिक्षातही ती बाळाला घेऊन कडेला बसली आणि मधे तिने पिशवी ठेवली.

डॉक्टर तरुण होता, भला होता. रक्तात शिसं आहे म्हणाला. असायला नको तेवढं आहे, पण घाबरून जाऊ नका. आता ते पाणी बंद आहे, ही औषधं द्या, हळूहळू उतरेल.

"उतरन ते समजलं," मॅडम म्हणाल्या. "पण जेवढं गेलं तेवढ्यानं काय केलं? ते सांगा."

"ते आत्ता सांगता येत नाही, मॅडम."

"तपासा ना मंग. कोणती तपासणी लागते? आमी नेतो तिथं."

"अशी तपासणी नाहीये. मूल मोठं होईल, शाळेत जाईल. सगळं व्यवस्थितही असेल. आणि थोडं मागे पडलं, तर ते यामुळे की एरवीही पडलं असतं, हे कोणालाच सांगता यायचं नाही."

मॅडमनी तोच प्रश्न पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारला. डॉक्टरने तेच उत्तर दिलं. त्यांनी आणखी एकदा विचारल्यावर मीच त्यांना उठवून बाहेर बाकावर आणून बसवलं.

मुलगी चिठ्ठी घेऊन बाहेर आली. थोडा वेळ आईच्या समोर उभी राहिली. मग काय तिच्या मनात आलं कोण जाणे, तिने बाळ पुढे केलं.

"धर आई. मी औषध घेऊन येते."

मॅडमचे हात मांडीवरून हलले नाहीत.

"धर ना वं."

"मले नको देऊ," मॅडम म्हणाल्या.

मुलगी बाळ तसंच पुढे धरून उभी राहिली. मला वाटलं आता रडेल, आता ओरडेल, निदान ते बाळ आईच्या मांडीवर ठेवून तरी देईल. पण ती वळली, बाळ माझ्या हातात दिलं आणि औषधाच्या खिडकीकडे गेली. मी कधी तान्हं मूल घेतलेलं नव्हतं. ते जागं होतं, माझ्या शर्टाचं बटण त्याने मुठीत धरलं होतं, आणि मॅडम शेजारी बसून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.